उचल घेऊन बहिणीला पुण्याला शिकायला पाठवू का?

पत्र: "ताई नमस्कार. मी बीड जिल्ह्यातला. आईवडील ऊसतोडीला जातात, मी पण दोन सीझन गेलो, आता गावातच दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवतो. धाकट्या बहिणीला यंदा बारावी आर्ट्सला ७८ टक्के पडले. तिला पुण्यात बीए करायचंय, अर्थशास्त्र घेऊन. आम्ही एससी. चुलते म्हणतात घरी बसून मुक्त विद्यापीठातून कर, नाहीतर दोन वर्षात लग्न उरकून टाकू. मुकादमाशी बोललो तर तो म्हणतो यंदा तीस हजार जादा उचल देतो. घेऊ का? लोक म्हणतात एससीला सगळं फुकट असतं, मग खरंच फुकट असतं का? दहावीनंतर माझं तर राहिलंच, तिचं राहू नये एवढंच. नाव छापू नका."

दादा,

आधी उचलीचं बोलू, कारण मुकादम काय तुझ्या निर्णयाची वाट बघत बसणार नाही. घेऊ नको.

उचल म्हणजे सीझनआधी घेतलेली आगाऊ मजुरी, ऊस तोडून फेडायची, हे मी तुला सांगायची गरज नाही, तू स्वतः कोयता चालवलायस. पण तुझं पत्र वाचताना असं वाटलं की हे पैसे शिक्षणाला लागणार म्हणून तुला ते जरा वेगळे, चांगले पैसे वाटतायत. मुकादमाच्या वहीत ते वेगळे नसतात रे. तीस हजार जादा घेतले म्हणजे तेवढ्या टनांची तोड आईवडिलांच्या अंगावर चढली, मग ऊस कमी निघाला, कारखाना लवकर बंद झाला की बाकी पुढच्या सीझनला, आणि तिथून पुढच्या वर्षी जायचं की नाही हे आईवडिलांच्या हातातच राहत नाही. त्यात आईचं दुखणं निघालं आणि अर्धाच कोयता, म्हणजे जोडीतलं एकच माणूस उरलं तर जोडी पुरी करायला घरातलं कोण जाणार? तू नाहीतर ती. जिच्या कॉलेजसाठी उचल घेतली तीच एफवायच्या, म्हणजे पहिल्याच वर्षाच्या, दुसऱ्या सेमिस्टरला फडात, असं होऊ शकतं, आणि होतं.

आता "फुकट". फी जवळजवळ नसते, राहणं-खाणं असतं. या एका वाक्यात तुझं अर्ध उत्तर आलं.

एससी मुलीला, घरचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत असेल तर, भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती मिळते, अर्ज महाडीबीटी या सरकारी वेबसाइटवर भरायचा. त्यात शिकवणी फी, परीक्षा फी येते, थोडा निर्वाह भत्ता पण येतो पण त्यावर वर्ष निघत नाही. कॉलेजांना शासनाच्या सूचना आहेत की पात्र मुलांकडून प्रवेशाच्या वेळी ही फी मागायची नाही. तरी खिडकीवरचा माणूस "आधी भरा, आली की परत देऊ" म्हणतो, मी स्वतः कॉलेजात शिकवते म्हणून सांगतेय, म्हणतोच. तेव्हा भांडू नको, शांतपणे म्हण की लेखी द्या, आणि सरळ प्राचार्यांकडे जा. बहुतेक वेळा लेखी द्यायची वेळ आली की विषय मिटतो. डिपॉझिट, ओळखपत्र असलं किरकोळ मात्र भरावं लागेल, अनुदानित कॉलेजात ते झेपण्यासारखं असतं. अनुदानित हा शब्द लक्षात ठेव, त्याच कॉलेजात त्याच इमारतीत विनाअनुदानित तुकडी पण असते आणि तिची फी वेगळी.

आणि एक गोष्ट, जी घरोघरी चुकते. शिष्यवृत्तीतला केंद्राचा हिस्सा हल्ली थेट मुलीच्या खात्यात येतो आणि त्यातली फीची रक्कम तिने कॉलेजला भरायची असते. खात्यात एकदम मोठा आकडा दिसला की घरात कुणाला तरी तो बियाण्याला आठवतो. त्याला हात लावू नका, नाहीतर कॉलेज टीसी, मार्कशीट अडवून धरतं आणि तेव्हा मग खरंच उचल घ्यायची पाळी येते.

(व्हॉट्सॲपवर तुला "मुलींना सगळी फी माफ" असा मेसेज पण आला असेल. ती २०२४ ची योजना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींची, आठ लाखांच्या आतलं उत्पन्न. तुमच्या बीएशी तिचा संबंध नाही, तिच्या मागे धावू नका.)

म्हणजे खरा खर्च कॉट आणि मेस. पुण्यात कॉट बेसिसवर जागा घेतली तर चार मुलींच्या खोलीत सुद्धा महिना तीन-चार हजार जातात, मेस दोन वेळची धरली की तेवढेच अजून, वर बस, झेरॉक्स, मोबाईल, महिन्यातून एकदा गावी यायचं तिकीट. वर्षाचे सत्तर-ऐंशी हजार कुठेच गेले नाहीत. मुकादमाचे तीस हजार जेमतेम दिवाळीपर्यंत पुरतील, तेव्हा त्या हिशोबाने सुद्धा उचल हे उत्तर नाहीच.

मी तुझ्या जागी असते तर कॉलेज नंतर बघितलं असतं, आधी कॉट शोधली असती. लोक उलटं करतात. नाव ऐकलेलं कॉलेज धरतात, ॲडमिशन होते, पेढे वाटतात आणि मग जुलैमध्ये पोरगी कुणाच्या तरी लांबच्या नातेवाइकाकडे, नाहीतर हॉस्टेलवर मैत्रिणीच्या कॉटवर पॅरासाईट म्हणून चोरून राहते, वॉर्डनने पकडलं की रडत घरी. गावाकडे सांगतात "तिला जमलं नाही". अरे, शिकणं जमलं होतं, झोपायला जागा नव्हती.

आपल्याकडे ज्यांनी हे काम मनापासून केलं त्यांना हे फार आधी कळलं होतं. शाहू महाराजांचं ५० टक्के आरक्षण सगळ्यांना पाठ असतं, १९०२ चं, पण त्याच्या एक वर्ष आधीच, १९०१ मध्ये, कोल्हापुरात त्यांनी बोर्डिंग सुरू केलं होतं आणि पुढे एकेका समाजासाठी करत गेले. खेड्यातनं आलेलं पोरगं शहरात राहणार कुठे हा प्रश्न त्यांनी आधी घेतला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सगळ्या जातीची मुलं एका वसतिगृहात ठेवली, त्यांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्र सुद्धा, आणि पोरांनी शेतात, बांधकामावर काम करून शिकायचं, कमवा आणि शिका. आज आपण जागा आरक्षित ठेवतो आणि तिथपर्यंत पोचलेल्या पोरीला रात्री कुठे झोपायचं ते तुझं तू बघ म्हणतो. असो, माझा राग तुझ्या काय कामाचा.

तुझ्या कामाचं हे. एक, समाजकल्याणचं मागासवर्गीय मुलींचं शासकीय वसतिगृह. राहणं-जेवण फुकट, प्रवेश गुणांवर आणि जागा किती रिकाम्या त्यावर. अर्ज ऑनलाइन असतो आणि मुदत छोटी असते, निकाल लागल्यावर "बघू निवांत" म्हणालास तर गेली. ७८ टक्क्यांवर तिला चांगला चान्स आहे, पण पुण्याला राज्यभरातनं गर्दी, म्हणून एकाच शहरावर सगळं लावू नको.

तिथे नंबर नाही लागला तर स्वाधार योजना, बाबासाहेबांच्या नावाची. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या एससी, नवबौद्ध मुलांसाठीच ती आहे, म्हणून वसतिगृहाचा अर्ज आधी केलेला असला पाहिजे, कागद जपून ठेव. पुणे-मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६० हजार: जेवणाचे ३२, राहण्याचे २०, इतर ८. संभाजीनगरसारख्या ठिकाणी ५१ हजार. कॉलेजात हजेरी लागते, ७५ टक्के. ऐकायला छान आहे आणि पैसे येतात पण, फक्त कधी येतात ते विचारू नको. खानावळवाल्या मावशी एक तारखेला मागतात आणि स्वाधारचा हप्ता निधी आला की येतो, परीक्षा होऊन गेल्यावर सुद्धा येतो. म्हणून स्वाधारच्या भरवशावर खोली घ्यायची झाली तर पहिल्या चार महिन्यांची सोय हातात पाहिजे.

पुण्यात अजून एक दार आहे, विद्यार्थी सहाय्यक समिती. १९५५ पासून चालू आहे, डॉ. अच्युतराव आपट्यांनी सुरू केलेली, ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींसाठी वसतिगृहं, कमी पैशात, मुलाखत घेऊन निवडतात. मुलांना तिथे कामं पण करावी लागतात, तुझ्या बहिणीला त्याचं काही वाटेल असं वाटत नाही. मुलाखतीला घरची परिस्थिती विचारतात तेव्हा लाजायचं नाही, आईवडील ऊसतोडीला जातात हे सरळ सांगायचं. आणि पुणे विद्यापीठाच्या बऱ्याच कॉलेजांत कर्मवीरांच्या नावाची कमवा व शिका योजना असते, लायब्ररीत नाहीतर ऑफिसात रोज थोडे तास काम, तासावर पैसे. त्यातनं मेसचा काही भाग निघतो. पहिल्या आठवड्यातच नाव द्यायचं, जागा भरतात. बीडला समाजकल्याण कार्यालयात जाशीलच तर ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या संत भगवानबाबा वसतिगृह योजनेचं पण विचार, आणि ग्रामसेवकाकडून आईवडिलांचं ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र काढलं नसेल तर काढून घे.

आता पुणंच का, हे तिला विचार. रागावून नाही, खरंच विचार. बऱ्याच जणींच्या डोक्यात पुणं म्हणजे एमपीएससी असतं. एफवायपासून सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसायची घाई करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आधी बीए नीट कर, अर्थशास्त्र नीट वाच. आणि बीएच करायचं तर छत्रपती संभाजीनगर तुम्हाला जवळ, खोली स्वस्त, अर्ध्या दिवसात तू पोचतोस. तिथे बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज १९५० मध्ये काढलं, आजचं मिलिंद, मराठवाड्यातल्या पोरांना लांब जायला लागू नये म्हणूनच. मिलिंदच्या त्या आवारातनं, नागसेनवनातनं, किती घरांतली पहिली पदवी बाहेर पडली असेल. पण समजा पुण्यात हॉस्टेल मिळालं आणि संभाजीनगरला नाही, तर पुणं, डोळे झाकून. दोन्हीकडे अर्ज करायचे आणि कॉट जिथे मिळेल तिथे कॉलेज घ्यायचं. तिला हे पटायला जड जाईल, मला माहितीये.

कागदांचं. इथे माझं जरा लांबणार आहे, कारण हुशार पोरी मार्कांपेक्षा इथेच जास्त अडकतात.

उत्पन्नाचा दाखला तहसीलचा, त्याला तलाठ्याचा अहवाल, रेशनकार्ड, वडिलांची सही. आईवडील दिवाळीच्या आगेमागे कारखान्यावर गेले की मार्च-एप्रिलपर्यंत कुठल्या फडात असतील त्याचा नेम नाही, म्हणून जे जे त्यांच्या सहीचं, अंगठ्याचं, आधारचं काम आहे ते दसऱ्याच्या आत संपवायचं. तिचं बँक खातं तिच्याच नावावर, आधारला जोडलेलं. बँकेत "आधार लिंक आहे" म्हणतात ते वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला लागणारं सीडिंग वेगळं, काउंटरवर स्पष्ट विचार की डीबीटी याच खात्यात येईल ना. महाडीबीटीचा फॉर्म भरताना मोबाईल नंबर तिचा स्वतःचा. तुझा नाही, सेवा केंद्रवाल्याचा तर मुळीच नाही. ओटीपी येतो त्या नंबरवर, आणि पुढच्या वर्षी रिन्यूअलला तो केंद्रवाला दुकान बंद करून गेलेला असतो, पासवर्ड त्याच्या वहीत. यूजर आयडी, पासवर्ड तिने स्वतः लिहून ठेवायचा. फॉर्म भरला म्हणजे झालं असं समजू नये, तो कॉलेजच्या लॉगिनला जाऊन पडतो, तिथे क्लार्कने पुढे ढकलल्याशिवाय समाजकल्याणला पोचत नाही, आणि एखादा कागद पुसट असला की परत येतो आणि कुणी कळवत नाही. दर पंधरा दिवसांनी स्टेटस बघायचं.

जात वैधता, म्हणजे व्हॅलिडिटी, जातीचा दाखला तपासून खरा असल्याचं प्रमाणपत्र. बीएला लगेच कुणी अडवणार नाही, पण उद्या बीएड किंवा एलएलबीला सीईटीतून जायचं म्हटलं तर लागणारच आणि ती ऐनवेळी निघत नाही. आत्ताच अर्ज टाका. एससीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा रहिवासाचा आणि जातीचा पुरावा मागतात, म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा निर्गम उतारा वगैरे. ज्या पणजोबाला शाळेत घेतलंच नाही त्याचा शाळेचा दाखला आणा. काय बोलणार यावर. तसा दाखला नसेल तर तहसीलला कोतवाल बुकाची नक्कल मागा, जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदींत जात लिहिलेली सापडते. आणि भावकीत कुणाची व्हॅलिडिटी आधी निघाली असेल, वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातली, तर ती सगळ्यात कामाची. चुलत्यांशी भांडण करू नको, त्याचं हे पण एक कारण आहे.

चुलत्यांचं तसं अगदीच चूक नाही, पोरगी एकटी शहरात म्हणून त्यांना भीती वाटते आणि भीतीला लग्न हे एकच औषध त्यांना माहितीये. त्यांना घेऊन जा हॉस्टेल बघायला. खरंच. गेटवरचं रजिस्टर, वॉर्डन, संध्याकाळची हजेरी एकदा डोळ्यांनी बघितली की माणूस निम्मा मऊ होतो. मुक्त विद्यापीठाला मी नावं ठेवणार नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून कामावर जाणाऱ्या लाखो लोकांना शिकवतंय. बुलढाण्याच्या खेड्यातला राजू केंद्रे तिथूनच पदवी घेऊन टाटा समाजविज्ञान संस्थेत गेला, पुढे ब्रिटिश सरकारच्या चेवेनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला, आणि आज त्याची एकलव्य संस्था घरातल्या पहिल्या पिढीच्या मुलांना मोठ्या विद्यापीठांत पोचायला मदत करते. बहिणीला बीएच्या शेवटच्या वर्षात त्यांच्याकडे चौकशी करायला सांग. पण सतरा-अठरा वर्षांची मुलगी घरी बसून मुक्त विद्यापीठातून शिकते तेव्हा काय होतं हे तुला माहितीये, आईवडील फडावर, घरी आजी, शेरडं, स्वयंपाक आणि पुस्तकं ट्रंकेत. दुसरा काहीच मार्ग नाही उरला तरच ते.

अजून दोन गोष्टी पटकन. इंग्रजीची भीती तिला वाटत असणार, पत्रात नाहीये पण वाटतेच. बीएला मराठीत पेपर लिहिता येतो, पुण्यात पण. मास्टर्सला इंग्रजी पुस्तकांशिवाय भागत नाही, म्हणून इंग्रजी आत्तापासून रोज थोडं, पण त्यापायी ॲडमिशन सोडू नये. आणि कुणीतरी वर्गात नाहीतर हॉस्टेलवर ऐकवेलच, "तुमचं बरंय, सगळं फुकट". तिने उत्तर द्यायलाच पाहिजे असं काही नाही. जातीवरून कुणी त्रास दिला, टोचून बोललं, तर ती वेगळी गोष्ट, प्रत्येक कॉलेजात एससी-एसटी सेल असायला लागतो, तिथे लेखी द्यायचं आणि तारखेसकट आपल्याकडे कॉपी ठेवायची.

नव्या शैक्षणिक धोरणात बीए चार वर्षांचं झालं असं कुणी घाबरवेल. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं ऑनर्ससाठी.

पैशाचं शेवटी असं. हॉस्टेल मिळालं तर तुझ्या ट्रॅक्टरच्या पगारातनं महिना दोन हजार तिच्या खात्यात टाकलेस की चालतं. नाही मिळालं आणि स्वाधारवर जायची वेळ आली तर पहिल्या चार महिन्यांचे पंचवीस-तीस हजार लागतात. ते मुकादमाकडून नको, पण तिच्या बारावीच्या सरांना भेट, कॉलेजात गेल्यावर विद्यार्थी कल्याण निधी आहे का विचार, बचत गटातनं आईच्या नावावर मिळतात का बघ. बचत गटाचे पैसे हप्त्याने फेडायचे असतात, त्यापायी कुणाला फडात जावं लागत नाही.

आणि तुझं "माझं तर राहिलंच" ते. दहावी पास आहेस ना, मग १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीला बसता येतं, बोर्डाच्या साइटवर मुदत येते, जवळच्या ज्युनिअर कॉलेजात विचार. बहिणीच्या दाखल्यांसाठी तहसीलला आणि सेवा केंद्रात चकरा मारणारच आहेस, तुझे पण कागद सोबत ठेव.